थोडक्यात सांग!

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि तीस वर्षांनी पुन्हा त्याच बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

आठ दिवसांपूर्वी संयोजकांचा फोन आला. "तू बोलायचंस. विषय तुझा तू ठरव. पण एक कर, थोडक्यात बोल." मी विचारलं, थोडक्यात म्हणजे किती? उत्तर आलं, "थोडक्यात म्हणजे थोडक्यात!" तेव्हाच ठरवलं की आज याच शब्दावर बोलायचं. म्हणजे मी लांबले तरी विषय सोडला असं कुणी म्हणणार नाही.

तसा या विषयावर बोलायचा हक्क मला जन्मानंच मिळाला आहे. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागायची आणि पाचवीपासून दहावीपर्यंत मुलींच्या रांगेत पहिला नंबर माझा असायचा. अभ्यासात कधी आला नाही, तिथं मात्र कुणी हटवू शकलं नाही. टिल्लू, ठेंगू, गिड्डी, बुटकी, सगळी नावं मी ऐकली आहेत, आणि ती ठेवणारे निम्मे लोक आत्ता समोर बसून हसत आहेत. फक्त आपल्या इंग्रजीच्या बाई मला 'ठेंगणी' म्हणायच्या. अर्थ तोच, पण तो शब्द टोचायचा नाही. तो का टोचत नाही, हे कळायला मला पुढं पंधरा-वीस वर्षं लागली.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. बाईंनी आपल्याला शब्दार्थाची वही करायला लावली होती. तीन रकाने: स्पेलिंग, उच्चार, अर्थ. त्या वहीत 'शॉर्ट' या शब्दापुढं मी लिहिलं होतं, 'आखूड, बुटका, थोडा'. माझ्यासाठी विषय तिथं संपला. बाई मात्र म्हणायच्या, "एका शब्दाला एक अर्थ लिहून वही मिटू नका. शब्द कुठं वापरतात ते बघा." आपण मान डोलवायचो आणि वही मिटायचो.

ती वही पुन्हा उघडायची वेळ आली नोकरीत. इंजिनिअरिंग झालं, बंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. प्रोग्रॅम लिहिता येत होते, पण इंग्रजीत ईमेल लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. मग मी एक युक्ती काढली. जितकी वाक्यं कमी, तितक्या चुका कमी. 'फाइल पाठवा.' 'आज होणार नाही.' 'कारण सांगा.' अशा अर्थाची दोन-दोन, तीन-तीन शब्दांची इंग्रजी वाक्यं मी परदेशातल्या लोकांना पाठवत राहिले. व्याकरणाची एक चूक नाही. मला वाटायचं, काय सुरेख काम चाललंय!

वर्ष संपलं, कामाचं मूल्यमापन झालं. तांत्रिक कामाला चांगला शेरा होता आणि खाली एक ओळ होती: हिची ईमेल 'कर्ट' असतात. मला वाटलं कौतुकच आहे. डेस्कवर येऊन शब्दकोश उघडला. अर्थ होता, उद्धट वाटेल इतकं तोकडं. मित्रांनो, कानाची पाळी लाल झाली. पगारवाढीचं जाऊ द्या, पण मी आणि उद्धट? आपल्या शाळेत सरांसमोर मान वर करून बोलायची माझी छाती नव्हती!

बरेच दिवस ते मनात घोळत राहिलं. मग एक दिवस उलगडा झाला. मी डोक्यात मराठीत बोलत होते. मराठीत 'पाठव' आणि 'पाठवा' यांत फरक केवढा? एका कान्याचा. पण तेवढ्या कान्यात सगळा मान सामावलेला असतो. 'बसा', 'द्या', 'सांगा' म्हटलं की समोरच्याचा मान राखला गेला. इंग्रजीत पाठव आणि पाठवा या दोन्हींना शब्द एकच. तिथं मान क्रियापदाला जोडून येत नाही, तो 'प्लीज', 'कुड यू', 'व्हेन यू हॅव टाइम' असे वेगळे शब्द आणून शेजारी बसवावा लागतो. मी वाक्य छाटलं तेव्हा माझा काना वाटेतच गळून पडला होता, आणि समोरच्याला नुसता हुकूम पोचत होता.

त्यानंतर मला या 'शॉर्ट'चा नादच लागला. प्रिन्स्टन विद्यापीठानं तयार केलेला 'वर्डनेट' नावाचा इंग्रजी शब्दकोश संगणकावर मोफत मिळतो. एका रविवारी मी छोटा प्रोग्रॅम लिहिला: ज्या ज्या शब्दाच्या अर्थात 'शॉर्ट' हा शब्द येतो, तो शब्द मला काढून दे. पडद्यावर यादी सरकायला लागली ती थांबेचना. घटकाभर झोप घेणं म्हणजे 'नॅप', व्याख्येत शॉर्ट. केसांचा 'बॉब', व्याख्येत शॉर्ट. इसापनीतीतल्या गोष्टीसारखी 'फेबल', त्यातही शॉर्ट. घडलेला किस्सा म्हणजे 'ॲनेकडोट', तोही शॉर्ट. लांब अंगाचा आणि आखूड पायांचा 'डॅक्सहुंड' कुत्रा. 'एरंड' म्हणून एक शब्द निघाला. आपल्या एरंडेल तेलातला नव्हे, उच्चार तसा असला तरी. एखाद्या कामासाठी मारलेली छोटी फेरी म्हणजे एरंड. 'जा गं, कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन ये,' हे आपण लहानपणी रोज ऐकायचो, त्याला इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं?

पण मला हवे होते ते बोलण्याचे शब्द. थोडक्यात बोलण्याला इंग्रजीत डझनभर तरी शब्द आहेत आणि मी ते सगळे एकच समजत होते. एकेकाचं मूळ शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकानं काहीतरी कमी केलं आहे, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे.

'कर्ट' हा लॅटिन शब्द. मूळ अर्थ, कापून टाकलेला. इंग्रजीतले 'शॉर्ट', 'शर्ट' आणि 'स्कर्ट' हेही मुळात कापण्याच्याच अर्थाचे. आणि गंमत अशी की भाषेचे अभ्यासक या सगळ्यांचं कूळ जिथं नेऊन पोचवतात, तिथंच आपलं संस्कृत 'कृत्' म्हणजे कापणे हे धातूही येऊन भेटतं. त्यातून कर्तन, कर्तरी, आणि कर्तरीतून आपल्या शिवणाच्या डब्यातली कात्री. म्हणजे माझ्या शेऱ्यातला तो 'कर्ट' आणि आईची कात्री एकाच घराण्यातले. मराठीनं याच्यासाठी शब्द तरी कोणता केला? 'तुटक'. तुटणे यापासून. 'त्रोटक' हाही तिथलाच. 'ती तुटक बोलते' म्हणजे कमी बोलते एवढंच नाही. बोलताना धागा तोडते. जे मला इंग्रजीत वर्षभर समजलं नाही, ते माझ्या आजीला एका शब्दात माहीत होतं.

'कन्साइज' म्हणजेही कापणंच, पण बेतून, शिंप्यानं कापड कापावं तसं. 'टर्स' म्हणजे मुळात पुसून लख्ख केलेलं, घासलेल्या तांब्यासारखं. 'लॅकॉनिक' हा गावावरून आलेला शब्द. ग्रीसमध्ये लॅकोनिया नावाचा मुलूख, तिथलं स्पार्टा. तिथली माणसं मोजकं बोलायची. गोष्ट सांगतात की मॅसिडोनियाच्या फिलिप राजानं धमकी दिली, 'मी जर तुमच्या मुलखात शिरलो तर सगळं बेचिराख करीन.' स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं होतं: 'जर.' हे वाचलं आणि मला इंदापूरकडची आमची माणसं आठवली. पाऊस किती झाला? 'झाला.' पोरीचं लग्न ठरलं का? 'बघू.' ऊस गेला का? 'जाईल.' स्पार्टावाल्यांनी एकदा जंक्शनच्या स्टँडवर येऊन बसावं, आणि आपल्याहून कमी बोलणारे बघून जावेत.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द, 'सक्सिंक्ट'. शाळेत तो बहुतेक आपल्याला नव्हता. याचा मूळ अर्थ आहे, वस्त्र वर घेऊन कमरेला खोचलेलं. कापड कापलं नाही, फाडलं नाही. आहे ते सगळं तसंच आहे. फक्त कामात पायात येऊ नये म्हणून वर खोचून घेतलंय. उसाच्या फडात कोयता घेऊन उभी असलेली बाई आठवा. भाताच्या खाचरात उतरलेली बाई आठवा. आणि आपल्या बाई आठवा! वर्गात आल्या की हजेरी ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि मग खडू हातात घ्यायच्या. बाई, तो शब्द मला तुम्ही कधी शिकवला नाहीत, पण रोज दुसऱ्या तासाला तो आम्हाला करून दाखवत होतात.

आता जरा आपल्याकडं या. शॉर्ट हा शब्द आपण एव्हाना घरचाच करून टाकला आहे. 'शॉर्टमध्ये सांग', 'गल्ल्यात पन्नास रुपये शॉर्ट आले', 'खताचं शॉर्टेज आहे', 'शॉर्टकटनं जाऊ'. शेतकऱ्याच्या तोंडी तर तो फारच. 'मोटार शॉर्ट झाली' म्हटलं की घरातलं वातावरण बदलायचं. तारांचं घर्षण होऊन, शॉर्टसर्किटनं उभा ऊस जळाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. इंजिनिअर म्हणून एवढं सांगते की यात 'शॉर्ट' काय असतं, तर वाट. विजेला मोटारीतून जायचं असतं, वाटेत तिला काम करायचं असतं, अडथळा पार करायचा असतं. तारेला तार चिकटली की तिला कामाशिवायची जवळची वाट सापडते. अडथळा नाही, म्हणून प्रवाह बेफाम वाढतो आणि तार तापून पेटते. जवळची वाट वाईट नसते. मधलं काम टाळून जाणारी जवळची वाट वाईट असते.

आणि आमच्याकडचा दुसरा शब्द 'टेल'. नीरा डावा कालवा बारामतीवरून खाली इंदापूरकडं जातो. ज्यांची शेतं वरच्या अंगाला ती 'हेड'ची, शेवटच्या टोकाची ती 'टेल'ची. आमचं शेत टेलला. आवर्तन सुटलं की पाणी वरून भरत भरत येणार. आमच्यापर्यंत यायला रात्र व्हायची आणि कधी कधी यायचंच नाही. त्याला नाव 'तुटवडा'. बघा, इथंही तुटणंच आहे. पाणी कमी पडलं असं आपण म्हणत नाही, ते आमच्यापर्यंत येता येता तुटलं असं म्हणतो.

बारामतीत थोडक्यातपणाची गोष्ट काढावी आणि मोरोपंतांचं नाव घेऊ नये, असं कसं होईल? मोरोपंत पराडकर, जन्म १७२९, मृत्यू १७९४. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं ते बारामतीत राहिले, इथं कऱ्हेच्या काठी त्यांनी आयुष्यभर लिहिलं. सर आपल्याला आर्येच्या मात्रा मोजायला लावायचे ते आठवतंय ना? ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. पहिल्या चरणात १२, दुसऱ्यात १८. बोटांवर मोजताना आपला हिशोब कायम चुकायचा. आज माझं पोट ज्या एक-शून्याच्या हिशोबावर चालतं, त्याचा पहिला सराव खरं तर तिथं झाला. आणि ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे तरी काय? एका मात्रेचं आखूडपण. 'दिन' लिहिलं तर दिवस, 'दीन' लिहिलं तर गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. एवढ्याशा आखूडपणानं अर्थ बदलतो, म्हणून सर लाल गोल करायचे. आपल्याला वाटायचं, उगाच मार्क कापतात.

मोरोपंतांनी एकच रामकथा १०८ प्रकारे सांगितली असं परंपरेनं म्हणतात. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण'. ओठांना ओठ न लावता म्हणायचं. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वापरायचीच नाहीत. विचार करा, रामायण लिहायचं आणि त्यात 'राम' म्हणायचं नाही, कारण म म्हणताना ओठ मिटतात! आपल्या हातानं एवढं सगळं कमी करून घ्यायचं आणि तरी गोष्ट पुरी पोचवायची. भाषेत कमी करणं म्हणजे काय, याचा याहून मोठा धडा मला कुठल्या मॅनेजमेंटच्या वर्गात मिळाला नाही.

उलटा धडा आमच्या क्षेत्रातला आहे. जुन्या संगणकांत जागा फार महाग, म्हणून वर्ष लिहिताना आधीचे दोन आकडे गाळून टाकले. १९९५ ऐवजी नुसते ९५. काम चाललं, पैसे वाचले. मग २००० साल जवळ आलं तेव्हा कळलं की संगणकाला ०० म्हणजे १९०० की २००० हे सांगताच येणार नाही. जगभर लाखो ओळी शोधून दुरुस्त कराव्या लागल्या, आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांना त्या वायटूकेच्या कामानं नोकऱ्या मिळाल्या. जे गाळलं ते पुन्हा लागणार आहे का, हा प्रश्न गाळताना कुणी पुरेसा विचारला नव्हता.

असंच एक छोटं कोडं मोबाइलमध्ये होतं. एसएमएस म्हणजेही 'शॉर्ट' मेसेज सर्व्हिस. एका एसएमएसला १,१२० बिट जागा. इंग्रजीच्या एका अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला वेगळे १६ बिट, म्हणून फक्त ७०. 'शाळा' हा आपला दोन अक्षरी शब्द तिथं चार जागा खातो. म्हणजे तेवढ्याच पैशात मराठीला निम्म्याहूनही कमी जागा मिळायची. मग आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागलो आणि सरांनी शिकवलेले ऱ्हस्व-दीर्घ तिथंच वाहून गेले.

आता जे सांगायचं आहे, ते सांगू की नको असा मी खूप विचार केला. पण ही आपलीच माणसं आहेत.

मी नोकरीला लागले तेव्हा गावात आमच्याकडं फोन नव्हता. अण्णा जंक्शनच्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. तो काचेचा खोका, तो लाल आकड्यांचा मीटर तुम्हाला आठवत असेल. आकडा पळायला लागला की माणूस बोलायचं सोडून त्याच्याकडंच बघायचा. त्या मीटरनं अण्णांना थोडक्यात बोलायला शिकवलं. पुढं मोबाइल आले, २००३ नंतर इनकमिंगही फुकट झालं, मग फोन जवळजवळ फुकटच झाले. अण्णांच्या डोक्यातला मीटर मात्र चालूच राहिला. आणि इकडं माझ्या डोक्यात दुसरा मीटर सुरू झाला, तो वेळेचा. त्यांचा फोन आला की मी म्हणायचे, "अण्णा, मीटिंग आहे, थोडक्यात सांगा ना." अगदी 'सांगा', बरं का. काना होता. मान होता. ते म्हणायचे, "बरं. ठेवतो."

एका दिवाळीत चुलतभावाच्या लग्नात मला कळलं की आमचं बांधालगतचं अर्धा एकर रान विकून सहा महिने झाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चिडले. घरी आल्यावर आईच्या डोळ्यांच्या औषधाची चिठ्ठी शोधताना पावत्यांची पिशवी हाती लागली. तिच्यात दूध डेअरीच्या पावत्या होत्या आणि काही पावत्यांच्या पाठीमागं अण्णांच्या अक्षरात यादी होती. एकीवर लिहिलं होतं: पाऊस, गाय, आईचे डोळे, विहीर. पहिल्या तिन्हींवर बरोबरची खूण. विहिरीवर नाही. दुसऱ्या पावतीवर पुन्हा विहीर, खूण नाही. तिसरीवरही तेच.

मला फोन करण्याआधी अण्णा मुद्दे काढत होते. माझा वेळ जाऊ नये म्हणून. आपण निबंधाला काढायचो तसे. विहीर खोल केली होती, आडवं बोअर मारलं होतं, पाणी लागलं नव्हतं, डाळिंबं वाळली होती, कर्ज झालं होतं. मी विचारलं, "अण्णा, मला सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "तू म्हणायचीस, थोडक्यात सांगा. पाऊस थोडक्यात सांगता येतो गं. विहीर थोडक्यात कशी सांगायची?"

परक्या माणसांशी परक्या भाषेत मी तुटक होते, कारण माझ्याकडं शब्द नव्हते. त्याची मला लाज वाटली, मी ते शिकले, सुधारले. पण माझ्या स्वतःच्या भाषेत, जिथं माझ्याकडं सगळे शब्द होते, तिथं मी बापाशी तुटक होते, आणि त्याचा शेरा लिहायला कुणी वरिष्ठ नव्हता.

अर्धा एकर परत आलं नाही. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. रविवारी सकाळी मी फोन करते आणि घड्याळ उलटं ठेवते. ते अजूनही दोन मिनिटांत 'बरं, ठेवतो' म्हणतात. मी म्हणते, 'थांबा, पावतीवर काय राहिलंय?' मग हसतात आणि एखादी गोष्ट निघते.

माझं म्हणणं असं मुळीच नाही की लांबलचक बोलावं. मागं बसलेले काही जण घड्याळ बघायला लागलेत, ते मला दिसतंय. आखूड असणं वाईट नाही. आपण म्हणतोच की गाय हवी तर आखूडशिंगी आणि बहुदुधी. प्रश्न आहे तो काय तोडलं आणि काय राखलं याचा, आणि ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला नीट माहीत आहे. लागणीला आपण आख्खा ऊस पुरत नाही. त्याची टिपरी करतो. दोन डोळ्यांचं वीतभर टिपरं. एवढंसं, पण डोळा शाबूत असला की त्यातून आख्खा ऊस उभा राहतो. डोळा फुटलेलं टिपरं हातभर लांब असलं तरी कुजून जातं. ऊस तुटून गेल्यावर खोडव्यासाठी बुडखे जमिनीलगत छाटतात, तेही याच हिशोबानं. कोयता जितका खाली चालेल तितका चांगला, कारण फुटायचे डोळे मातीत असतात. तोडायला भ्यायचं नाही, डोळा मात्र राखायचा.

बोलण्यातला डोळा म्हणजे समोरच्या माणसासाठी राखलेली जागा. बाईंच्या 'ठेंगणी'त ती होती, म्हणून तो शब्द टोचला नाही. 'पाठवा'च्या कान्यात ती असते. माझ्या 'थोडक्यात सांगा'मध्ये काना होता, पण डोळा नव्हता.

शेवटचं. आपला बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याच्यामुळंच आज आपण इथं जमलो, त्याचं मोल आहेच. पण मागच्या वर्षी आपल्यातल्या एकीची आई गेली. त्या माउलीच्या हातचं तिखट आपण सगळ्यांनी खाल्लंय. सहलीला ती सगळ्यांसाठी दशम्या द्यायची. बातमी आल्यावर ग्रुपवर एकाखाली एक किती संदेश आले, आणि जवळजवळ सगळे एकच: 'भा. पू. श्र.' मीही तेच टाकलं, लिफ्टची वाट बघत. नंतर ती मैत्रीण मला म्हणाली, "एकानं लिहिलं होतं, काकूंच्या दशम्या अजून आठवतात. मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत बसले." मोजा, चारच शब्द आहेत. एका एसएमएसच्या ७० जागांत सहज मावतील. 'भा. पू. श्र.' पेक्षा फार लांब नाहीत. पण त्यांना डोळा आहे.

तेव्हा आजपासून एवढं करू. आपल्यातल्या कुणाच्या घरी काही घडलं, सुखाचं वा दुःखाचं, तर आद्याक्षरं टाकायची नाहीत. एक वाक्य लिहायचं, आपलं स्वतःचं, लहान का असेना. आणि घरून फोन आला तर 'थोडक्यात सांगा' म्हणण्याआधी एकदा विचारायचं, यादीत काय राहिलंय?

बाई, तुम्ही म्हणायचात की एका शब्दाला एक अर्थ लिहून वही मिटू नका. 'शॉर्ट'पुढं मी लिहिलेल्या तीन अर्थांत आज मी आणखी एक लिहिते: 'आटोपतं घेणं'. संयोजक मघापासून हातानं तीच खूण करताहेत.